जिंजी ते तंजावर: दगडावरची मराठी

दिवस पहिला: चेन्नई, महाबलीपुरम

मामा भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले त्याला आता बारा वर्षं झाली. नोकरीत जुने मोडी कागद वाचायची सवय लागली, ती सुटली नाही. आजही गावात कुणाच्या पेटीत पणजोबांच्या वेळचा कागद निघाला की तो मामांकडेच येतो. 11 जुलै 2025 ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "अकरा आपल्याकडचे आहेत, ते पाहून झालेत. बारावा, तमिळनाडूतला जिंजी, राहिलाय. आणि तिथवर जायचंच तर तंजावरची भिंतही वाचून येऊ." भिंत म्हणजे बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख. मामांनी त्याचे फोटो पाहिले होते, पण फोटोवरून कागद वाचला असं ते कधीच मानत नाहीत.

पोंगल होऊन आठवडा झाला होता. चेन्नईच्या गल्ल्यांमध्ये दारापुढचे कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, अजून पुसट दिसत होते. गाडी ठरवली आणि दुपारच्या आत महाबलीपुरमला पोचलो.

महाबलीपुरमबद्दल मी फार लिहिणार नाही, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पल्लवांची ही कामं 1984 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पंचरथ एकेका अखंड दगडातून कोरलेत आणि त्यातला एकही पुरा झालेला नाही. मामा मात्र गंगावतरणाच्या त्या प्रचंड शिळेपुढून हलेनात. हत्तींच्या पायाशी एक मांजर एका पायावर उभं राहून तप करतंय आणि उंदीर त्याच्यापुढे भक्तिभावाने जमलेत. हे चित्र पाहताना त्यांचा एक तास गेला. त्यांना उठवणं मला जमलं नाही, आणि त्याचा फटका दुसऱ्या दिवशी बसला, कारण किनाऱ्यावरचं मंदिर सकाळवर ढकलावं लागलं.

दिवस दुसरा: जिंजी, पायथ्याशी

तिंडिवनम मागे टाकलं की वीसेक किलोमीटरवर जमीन बदलायला लागते. सपाट भातखाचरं, आणि मधूनच गोट्यांचे ढीग. गोटे म्हणजे घराएवढे गोल गुळगुळीत दगड, कुणीतरी टोपलीतून ओतल्यासारखे एकावर एक. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, त्याचे थर, ताशीव कडे यांची सवय असलेल्या डोळ्याला हा डोंगर किल्ल्याचा वाटतच नाही. मग एका ढिगाच्या माथ्यावर तटबंदीची रेघ दिसते. ती रेघ खाली उतरते, शेतातून पळते आणि दुसऱ्या डोंगरावर चढते.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर एका तटाने बांधून घेतलेत. तटाची लांबी तेरा किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एक किल्ला म्हणायचा, पण आत तीन स्वतंत्र बालेकिल्ले. एक पडला तरी दोन लढत राहतील.

आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. राजगिरीवर चढायला त्या वेळी सोडत नाहीत. पहारेकऱ्याने हात हलवून नाही म्हटलं, आणि त्याचं बरोबरच होतं. वर जाऊन अंधाराच्या आत उतरणं शक्य नव्हतं. आम्ही गावात एक लॉज पाहिला, मुक्काम वाढवला आणि उरलेला उजेड खालच्या किल्ल्यात घालवला.

कल्याण महाल आठ मजली आहे. चौकोनी, वर निमुळता होत गेलेला, भोवती चौक आणि ओवऱ्या. पलीकडे धान्याची कोठारं आणि व्यायामशाळा. वेंकटरमण मंदिरात आता पूजेपेक्षा शांतता जास्त आहे. इथले नक्षीचे खांब फ्रेंचांनी पाँडिचेरीला नेले. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे उंच खांब उभे आहेत, ते इथलेच. जिंजी 1750 मध्ये फ्रेंचांनी घेतली आणि 1761 मध्ये त्यांच्या हातून ती इंग्रजांकडे गेली.

दारापाशी पुरातत्त्व खात्याचा तो निळा फलक होता, राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असल्याचा. देशात असे फलक सुमारे 3,700 ठिकाणी आहेत. 1958 च्या कायद्याने ही स्मारकं संरक्षित होतात. 2010 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याने खरवडलेली नावं, बदामातल्या जोड्या. बहुतेक तमिळ, काही रोमन. एक देवनागरीत होतं. ते वाचून पोटात कालवलं. इतक्या लांब येऊन आपल्या लिपीत लिहायचं ते हे?

दिवस तिसरा: राजगिरी

सकाळी दार उघडताच मी चढायला लागले. मामांच्या गुडघ्यांना ही चढण झेपणारी नव्हती. ते कल्याण महालाच्या ओवरीत पाण्याची बाटली आणि पिशवी घेऊन बसले. "तू जा. वर गेलीस की कुठल्या बाजूला काय दिसतं ते नीट बघून ये, मला सांग."

राजगिरी सुमारे 800 फूट उंच आहे. पायऱ्या आधी सोप्या, रुंद. मग दगडांच्या फटींमधून वळत जातात. एकामागून एक दरवाजे येतात, आणि प्रत्येक दरवाजा असा की त्याच्यासमोर पाचसहा माणसांच्या वर उभी राहू शकत नाहीत. माकडं सोबतीला होती. माझ्या हातातला बिस्किटांचा पुडा दुसऱ्याच वळणावर गेला.

माथ्याच्या जरा आधी एक खोल घळ आहे. शेवटचा कडा बाकीच्या डोंगरापासून तिने तोडला आहे. तिच्यावर एक लहानसा पूल. त्यावर उभी राहिले आणि पाय थबकले. हा पूल काढून घेतला की पलीकडची मूठभर माणसं सगळ्या जगापासून सुटी. मराठ्यांनी इथे मोगलांचा आठ वर्षांचा वेढा कसा सोसला असेल, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या पुलावर लवकर मिळतं.

शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत जिंजी विजापूरकरांकडून घेतली आणि तिची डागडुजी केली. रायगडापासून इतक्या दूरचा किल्ला तेव्हा कुणाला अनावश्यक वाटला असेल. बारा वर्षांनी संभाजी महाराज गेले, रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेश पालटून निघाले. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी वाट दिली. नोव्हेंबर 1689 च्या सुरुवातीला ते इथे पोचले, आणि त्याच दिवसांत तिकडे रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या हाती लागले. पुढची आठ वर्षं मराठ्यांची गादी या गोट्यांच्या डोंगरावर होती. मोगल सरदार झुल्फिकारखान 1690 मध्ये वेढ्याला आला. 1692 च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव चालून आले, संताजींनी कांचीपुरमजवळ अलीमर्दानखानाला पकडलं आणि झुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशला हटावं लागलं. शिवाजी महाराजांचे पुतणे, तंजावरचे शहाजीराजे यांनी रसद पाठवली. किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला तो 1698 च्या सुरुवातीला, आणि तोवर राजाराम महाराज निसटून महाराष्ट्राच्या वाटेला लागले होते.

वरून उत्तरेकडे वांदिवाशची दिशा, खाली तलाव, मधे सगळी हिरवीगार भातशेती. रंगनाथाचं देऊळ आहे, एक तोफ आहे, कोठार आहे. वारा इतका होता की ओढणी कमरेला बांधावी लागली. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट होती. कृष्णाजी अनंत सभासद इथेच होते. राजाराम महाराजांनी त्यांना थोरल्या महाराजांचं चरित्र लिहायला सांगितलं आणि ती बखर या किल्ल्यात लिहिली गेली. महाराजांच्या पदरी राहिलेल्या माणसाने मराठीत लिहिलेलं त्यांचं पहिलं चरित्र. घराकडचे गड एकेक करून शत्रूकडे जात होते, दक्षिणेत मोगलांच्या फौजा फिरत होत्या, उद्या काय होईल ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसांत कुणाला तरी वाटलं की हे लिहून ठेवलं पाहिजे. शाळेत हे एका वाक्यात पाठ केलं होतं. ते लिहिणाऱ्याला पाणी कुठल्या टाक्यातून येत असेल, रात्री दिवा कुठे ठेवत असेल, हे त्या माथ्यावर पहिल्यांदा मनात आलं.

खाली आले तेव्हा मामांनी पिशवीतून वही काढली होती. मी सांगत गेले आणि त्यांनी मोजणीच्या नकाशासारखी चतु:सीमा मांडली: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. घळीपाशी येऊन त्यांची पेन्सिल थांबली. "पूल किती रुंद?" मी हात पसरून दाखवला. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

दुपारी निघून विळुप्पुरम, नेयवेली करत रात्री जयंकोंडमला मुक्काम.

दिवस चौथा: गंगैकोंडचोळपुरम, दारासुरम

तंजावरचं थोरलं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, राजराज चोळाने बांधलं, तर हे त्याच्या मुलाने, राजेंद्राने. त्याच्या सैन्याने उत्तरेत गंगेपर्यंत मजल मारली, गंगेचं पाणी आणलं, आणि 'गंगा जिंकणाऱ्या चोळाचं गाव' या नावाने नवी राजधानी वसवली. अडीच शतकं चोळांची राजधानी असलेल्या त्या जागी आज एक लहानसं खेडं, हिरवळ आणि हे देऊळ. बाकी काही नाही. बापाच्या देवळाचं शिखर सरळ रेषेत चढतं, मुलाच्या देवळाचं आतल्या बाजूला वळत जातं. उंची थोडी कमी ठेवली आहे, 53 मीटरच्या आसपास.

उत्तरेकडच्या पायऱ्यांपाशी एक शिल्प आहे: शंकर आपल्या हाताने भक्त चंडेशाच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतायत. चंडेश खाली बसलाय, हात जोडलेले, मान किंचित वाकलेली. माळेचा एक वेढा घालून झालाय, दुसरा बोटांत आहे. देवाच्या चेहऱ्यावर जी माया आहे ती आजीच्या चेहऱ्यावर असते, नातीची वेणी घालताना. मी त्या दगडापुढे किती वेळ उभी होते ते मामांना विचारा. या वेळी उठवायची पाळी त्यांची होती.

देवळाभोवतीच्या प्राकाराचा बराच भाग नाहीसा झाला आहे. तो कुठे गेला ते तासाभरात कळतं. कुंभकोणमकडे जाताना आणैक्करैला कोळ्ळिडम नदीवर 1836 मध्ये बांधलेला जुना बंधारा लागतो. त्या कामासाठी देवळाच्या आवाराचे दगड काढून नेले होते. बंधाऱ्यामुळे खालची शेती भिजली, हे खरं. पण नदी ओलांडताना खाली पाण्यात उभे असलेले दगड पाहून मामा एवढंच म्हणाले, "यातल्या कुठल्यावर अक्षरं असतील कोण जाणे." चोळांच्या देवळात भिंत ही दप्तरासारखी असते. जमिनी, दिवे, तूप, गाई, कुणाला किती भात, सगळं दगडावर. एकेक दगड गेला म्हणजे दप्तराचं पान गेलं.

याच नदीच्या काठी, इथून वरच्या अंगाला तिरुमळवाडीजवळ, 1677 च्या जुलैत शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे भेटले. सावत्र भाऊ, वाटणीचं बोलणं. ते फिसकटलं आणि व्यंकोजी रात्रीच नदी उतरून तंजावरला निघून गेले. भूमी अभिलेखात आयुष्य काढलेल्या माणसाला भावांच्या वाटणीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुपारनंतर दारासुरम. कुंभकोणमपासून तीनचार किलोमीटर. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ. तंजावरचं देऊळ 1987 मध्ये वारसा यादीत गेलं आणि 2004 मध्ये गंगैकोंडचोळपुरम व हे देऊळ त्यात जोडलं गेलं. हे तिघांत सर्वांत लहान, शिखर 24 मीटरचं. भव्यतेची हौस फिटल्यावर कारागिरांनी बारीक कामाला हात घातला असावा असं इथे वाटतं. वीतभर चौकटीत अख्खा नाच. एका डोक्यात बैल आणि हत्ती दोन्ही: डावीकडून झाका, हत्ती दिसतो, उजवीकडून झाका, बैल. मंडपाला चाकं आणि उधळलेले घोडे. 63 नायन्मारांच्या, म्हणजे तमिळ शिवभक्त संतांच्या, कथा भिंतीला फिरून लावलेल्या पट्टीत. दगडी पायऱ्या वाजवल्या की सूर निघतात अशी ख्याती आहे. लोकांनी इतक्या वाजवल्या की आता त्यांना जाळी लावली आहे. जाळी लावली तेच बरं झालं.

बाहेरच्या गल्लीत हातमागांची खटखट ऐकू येत होती. रेशमी साड्या विणणारी ही सौराष्ट्र समाजाची घरं. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात त्यांची आपली भाषा टिकून आहे.

दिवस पाचवा: तंजावर

रस्त्यावर भात वाळत घातलेला. गाड्या त्यावरून जातात, मळणीला तेवढीच मदत. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात आल्यावर व्यंकोजींनी इथून पाय का काढला नाही ते समजतं.

1675-76 च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं, आणि 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुषवारस न ठेवता गेले तेव्हा इंग्रजांनी राज्य खालसा केलं. जवळजवळ 180 वर्षं. राजवाडा मूळ नायकांचा, मराठ्यांनी वाढवलेला. दरबार हॉलमधल्या रंगीत कमानींखाली दुसऱ्या सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. 1798 ते 1832 या काळात हे गादीवर होते. पैकी दुसऱ्याच वर्षी, 1799 मध्ये, राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला आणि मान तेवढा उरला. त्या उरलेल्या जागेत या माणसाने काय काय केलं! देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, हस्तलिखितं विकत घेतली, उतरवून घेतली, जमवत राहिले. सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या वेळचं, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीची हजारो हस्तलिखितं आहेत आणि मोडीची दप्तरं वेगळी.

सामान्य माणसाला तिथलं लहानसं संग्रहालय पाहता येतं. काचेआड एक मोडी कागद होता. मामांनी चष्मा बदलला, वाकले, आणि पुटपुटायला लागले. काचेवर दिव्याची तिरीप पडत होती म्हणून मी ओढणी धरून सावली केली. बाजूला शाळेची मुलं होती. त्यांच्या बाईंनी विचारलं, हे वाचता येतं का यांना? मी हो म्हटलं. सगळी मुलं गोळा झाली. मामा अक्षर दाखवत आणि मोठ्याने म्हणत, मुलं त्यांच्यामागून म्हणत. तमिळ मुलांच्या तोंडून 'श्री' निघताना ऐकलं आणि मला तिथून जावंसं वाटेना. मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि दप्तरं पडून आहेत, ही गोष्ट मामा वीस वर्षं सांगतायत. आम्ही घरचे ती ऐकून सोडून देत आलो. मी यापुढे सोडून देणार नाही. परतल्यावर त्यांच्याकडूनच बाराखडी शिकायला बसणार आहे.

राजवाड्यातल्या कलादालनात चोळांच्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. तिरुवेंकाडूला सापडलेला वृषवाहन शिव त्यांत आहे, 1011 च्या सुमाराचा. केसांचा फेटा बांधलेला, एक पाय दुसऱ्यापुढून टाकलेला आणि उजवा कोपर बैलावर टेकलेला. बैल मात्र आता नाही. हात हवेतच टेकलाय, आणि तरी बैल तिथे आहे हे जाणवतं.

चार वाजता थोरल्या देवळात गेलो. राजराजाने ते 1010 मध्ये पुरं केलं. आपल्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, 275 व्या दिवशी, शिखरावर कळस दिला, हे त्याने दिवस मोजून लिहवून घेतलं आहे. साठ मीटरच्या आसपास उंच ग्रॅनाइट. वाटाड्याने सांगितलं की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सावली चांगली अंगणभर पसरली होती आणि आम्ही गारव्याला तिच्यातच बसलो होतो. असल्या कहाण्या सांगून या कामाचं खरं मोठेपण झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

खरं मोठेपण जोत्यावर लिहिलेलं आहे. राजराज म्हणतो की आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं या श्रीविमानावर, म्हणजे देवळावर, कोरा. तमिळात शब्दही 'अक्कन'च आहे. हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटाने दगडावर बहिणीचं नाव काढलं ते आपण घरात ज्या शब्दाने काढतो त्याच शब्दाने. पुढे देवळात नाचणाऱ्या 400 स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या ओळीतलं कितवं घर तिला दिलं. मामा म्हणाले, "हा तर आठ-अ चा उतारा झाला." आणि जोत्याला वाकून नमस्कार केला.

मग प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला गेलो. तिथे भिंतीवर मराठी आहे.

सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास चिटणीस बाबुराव यांच्याकडून लिहवून घेतला आणि 1803 च्या डिसेंबरात या भिंतीवर कोरवला. देवनागरी अक्षरं, शब्दांमध्ये जागा न सोडता, ओळीमागून ओळ, दगडामागून दगड. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. चोळांच्या देवळात तमिळ लेखांच्या शेजारी तो जराही परका वाटत नाही. त्यांनीही भिंतीला दप्तर मानलं, यांनीही. भोसले घराण्यातले ज्येष्ठ वंशज आजही या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

मामांनी खिशातून दोरा काढला. हात लावायचा नाही म्हणून अंतरावर दोरा आडवा ताणून ते एकेक ओळ वाचायला लागले, अगदी ऑफिसात पट्टी ठेवून वाचत तसे. मी शेजारी उभी राहून लिहून घेत होते. 'राजे' पहिल्यांदा सापडला तेव्हा त्यांचं बोट थरथरलं. मग शब्द सुटे व्हायला लागले. दोन तासांत जेमतेम काही ओळी झाल्या. उजेड गेला, शिखर तांबूस झालं, नंदीकडे आरतीची गर्दी वाढली. मी मोबाइलची बॅटरी लावली, तर मामांनी बंद करायला लावली. "घाई नको. चुकीचं वाचण्यापेक्षा उद्या वाचू."

दिवस सहावा: पुन्हा तंजावर

परतीची गाडी दुपारची होती. देऊळ सकाळी सहाला उघडतं. साडेपाचला आम्ही दाराशी होतो, अनवाणी, फरशी गार. मामांच्या हातात दोरा, माझ्या हातात वही. काल जिथे थांबलो होतो त्या दगडाच्या कडेला एक छोटा टवका उडालेला होता, ती खूण मी लिहून ठेवली होती. ती शोधली. मामांनी दोरा ताणला, घसा साफ केला आणि म्हणाले, "हं, घे लिहून."